पस्तीस टक्के म्हणजे चांगलं की वाईट? वितरकासाठी टार्गेटचा डॅशबोर्ड

महिन्याचं टार्गेट ३६ लाख. कामाचे २४ पैकी १० दिवस झाले. विक्री १२ लाख ६० हजार. स्क्रीनवर ठळक अक्षरांत दिसतंय ३५ टक्के. आता मालकाने यावरून काय समजायचं? खूश व्हायचं, की सेल्समनला झापायचं?

बहुतेक डॅशबोर्ड इथेच थांबतात. झालेली विक्री भागिले महिन्याचं टार्गेट, की झालं काम. हा आकडा महिनाभर लालच राहतो आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांत एकदम हिरवा होतो, त्यामुळे पाचव्या दिवसानंतर त्याच्याकडे कुणी बघत नाही. पाहणाऱ्याचा प्रश्न साधा असतो: आजच्या तारखेला आपण कुठे असायला हवे होतो? त्याचं उत्तर देणारा डॅशबोर्ड कसा बांधायचा, ते इथे पायरीपायरीने लिहितो आहे.

उदाहरण घेतलंय किराणा-जनरल मालाच्या वितरकाचं. तालुक्याच्या गावात गोडाऊन, चार सेल्समन, बिलिंग टॅलीत, हिशेब एक्सेल किंवा गुगल शीट्समध्ये. पॉवर बीआय किंवा लुकर स्टुडिओ ही डॅशबोर्डची सॉफ्टवेअर वापरत असाल तरी पायऱ्या त्याच. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

आधी 'विक्री' कशाला म्हणायचं ते ठरवा

एकाच महिन्याची विक्री विचारा, चार जण चार आकडे सांगतील. सेल्समन घेतलेल्या ऑर्डरींची बेरीज सांगतो. अकाउंटंट जीएसटीसकट बिलांची सांगतो. मालकाच्या डोक्यात आलेले पैसे असतात. कंपनीचा एरिया मॅनेजर प्रायमरी बघतो, म्हणजे तुम्ही कंपनीकडून किती माल उचललात ते. यातला कुठलाच आकडा खोटा नसतो, पण एकाचं टार्गेट आणि दुसऱ्याची विक्री शेजारी ठेवली की रोज वाद ठरलेला.

माझं मत स्पष्ट आहे: दुकानदाराला केलेलं बिल, बिलाच्या तारखेने, कर वगळून, परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट वजा करून. कर वगळण्याचं महत्त्व २०२५ च्या सप्टेंबरात बऱ्याच जणांना कळलं. २२ सप्टेंबरपासून शॅम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, अंगाचा साबण यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. कर सोडून १०० रुपयांचा माल आधी ११८ ला जायचा, तो १०५ ला जाऊ लागला. पेट्या तेवढ्याच, पण करासकट विक्री बघणाऱ्याला ती ११ टक्क्यांनी पडलेली दिसली. ज्यांचं टार्गेट करासकट लिहिलेलं होतं त्यांना महिन्याच्या मध्येच सगळे आकडे नव्याने मांडावे लागले.

बारीकसारीक गोष्टीही आत्ताच लिहून टाका. दहावर एक फुकट या स्कीममधला अकरावा नग विक्रीत धरायचा का? बिलावरची कॅश डिस्काउंट वजा करायची का? एक्सपायरीचा परत आलेला माल कुणाच्या खात्यावर टाकायचा, ज्याने विकला त्याच्या की आज त्या लाइनवर (सेल्समनच्या ठरलेल्या दुकानांच्या मार्गावर) आहे त्याच्या? उत्तर काहीही असो, फाइलच्या पहिल्या शीटवर 'व्याख्या' म्हणून चार-पाच ओळींत असू द्या. महिन्याच्या तिसाव्या दिवशी इन्सेंटिव्हवरून भांडण होतं तेव्हा हीच शीट उघडली जाते.

दोन तक्ते आणि एक कॅलेंडर

टार्गेटचा तक्ता उभा ठेवा. एप्रिल, मे, जून असे आडवे कॉलम करायचा मोह होतो, कारण कंपनीचं पत्रक तसंच येतं. पण त्यावर पुढे ना पिव्होट (एक्सेलचा सारांश-तक्ता) नीट बसतो ना फॉर्म्युला. प्रत्येक ओळीत महिना, लाइन, मालाचा गट, मापक (विक्री, वसुली की दुकानांची संख्या), मूळ टार्गेट आणि सुधारित टार्गेट. मूळ आणि सुधारित हे दोन वेगळे कॉलम हवेतच. पंधरा तारखेला कंपनीने टार्गेट वाढवलं किंवा एक सेल्समन सोडून गेला म्हणून तुम्ही ते वाटून दिलं, तर मूळ आकडा खोडू नका. सहा महिन्यांनी पुढच्या वर्षाचं टार्गेट लावताना तोच लागतो.

विक्रीचा तक्ता टॅलीतून येतो. सेल्स रजिस्टर उघडून आल्ट आणि ई दाबलं की एक्सपोर्टचा पर्याय मिळतो. रोज त्याच नावाने, त्याच फोल्डरमध्ये टाका, म्हणजे एक्सेलची पॉवर क्वेरी ती फाइल आपोआप उचलते. कॉपी-पेस्ट करत बसलात की तिसऱ्या आठवड्यात एक दिवस दोनदा चिकटतो.

तिसरं कॅलेंडर. वर्षाच्या प्रत्येक तारखेला एक ओळ. त्या दिवशी काम आहे की सुट्टी, महिन्यातला तो कितवा कामाचा दिवस, आर्थिक वर्षातला कितवा महिना. हे नसेल तर एक मूलभूत अडचण येते: विक्री रोजची आहे आणि टार्गेट महिन्याचं. पॉवर बीआयमध्ये दोन्ही तक्ते थेट जोडले की महिन्याचं पूर्ण टार्गेट एक तारखेलाच चिकटतं आणि बाकीचे दिवस कोरे दिसतात. टार्गेट दिवसांत वाटायचं काम कॅलेंडरमधूनच होतं. तिथली टोटल-वायटीडी (वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज) ही क्रिया वेगळं काही सांगितलं नाही तर वर्ष ३१ डिसेंबरला संपवते. आपलं वर्ष ३१ मार्चला संपतं, तेव्हा ती तारीख तिला मुद्दाम द्यावी लागते.

आणि नावं. टार्गेटमध्ये 'हायवे लाइन' आणि टॅलीत 'हायवे लाईन' असेल तर सम-इफ्स हे अटींनुसार बेरीज करणारं फंक्शन त्या ओळी मुकाट्याने गाळून टाकतं, एरर दाखवत नाही. म्हणून एका कोपऱ्यात तपासणीचा एक सेल ठेवा: सगळ्या लाइनींची बेरीज वजा टॅलीची महिन्याची एकूण विक्री. उत्तर शून्य आलंच पाहिजे. शून्य नसेल त्या दिवशी डॅशबोर्ड कुणाला पाठवू नका.

कामाचे दिवस मोजा

तारखा भागून उपयोग नाही. दहा तारीख झाली म्हणजे महिन्याचा तिसरा हिस्सा संपला, असं नसतं, मधे दोन रविवार आणि एक सण येऊन गेलेला असतो. एक्सेल आणि गुगल शीट्स, दोन्हींत नेटवर्कडेज-डॉट-आयएनटीएल हे फंक्शन आहे. त्यात सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, आठवड्याच्या सुट्टीचा कोड आणि सुट्ट्यांची यादी द्यायची. फक्त रविवार सुट्टी असेल तर कोड ११, फक्त सोमवार असेल तर १२. तुमच्या बाजारपेठेचा साप्ताहिक बंद ज्या वारी असेल तो घ्या.

सुट्ट्यांची यादी सरकारी राजपत्रातून उचलू नका. १ मेला पेठेतली किती दुकानं उघडी असतात ते तुम्हालाच माहीत. उलट ग्रामदेवतेच्या जत्रेला सरकारी सुट्टी नसते, पण त्या दिवशी लाइनवर गाडी पाठवून काही मिळत नाही. आठवडी बाजाराचा दिवस तर दोन्हीकडून वेगळा. त्या गावात त्या दिवशी दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते, ऑर्डर आदल्या दिवशी घ्यावी लागते.

आज कुठे असायला हवे होतो

आता मूळ प्रश्नाकडे. सोपी पद्धत अशी: ३६ लाख भागिले २४ म्हणजे रोजचे दीड लाख. दहा दिवसांत १५ लाख व्हायला हवे होते, झाले १२.६. म्हणजे ८४ टक्के. मागे आहोत.

पण वितरणाचा धंदा रोज सारखा चालत नाही. पहिल्या आठवड्यात दुकानदाराकडे मागच्या महिन्याचा माल पडलेला असतो, नवी स्कीम आलेली नसते, वसुलीवर जोर असतो. शेवटच्या आठवड्यात स्कीम संपत आलेली असते आणि कंपनीचे फोन सुरू होतात. म्हणून तुमचाच जुना हिशेब काढा. मागचे सहा नेहमीसारखे महिने घ्या, सणाचे सोडून. प्रत्येक महिन्यात कामाच्या प्रत्येक दिवसापर्यंत एकूण विक्रीच्या किती टक्के झाली होती ते काढा. महिन्यांचे कामाचे दिवस कमीजास्त असतात, म्हणून 'दहावा दिवस' असं न घेता 'किती टक्के दिवस संपले' असं घ्या. मग सहा आकड्यांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, लावा. सरासरी घेतलीत तर एखादा विचित्र महिना सगळं बिघडवतो.

समजा यातून निघालं की ४२ टक्के दिवस संपतात तेव्हा तुमची साधारण ३३ टक्के विक्री झालेली असते. ३६ लाखांचे ३३ टक्के म्हणजे ११.८८ लाख. झाले १२.६. म्हणजे १०६ टक्के, चक्क पुढे आहोत! विक्री तीच, दिवस तोच. सरळ रेषेने पाहिलं तर सेल्समन बोलणी खातो, तुमच्या स्वतःच्या चालीने, म्हणजे या जुन्या हिशेबाने, पाहिलं तर शाबासकी.

कुठलं खरं धरायचं? रोजच्या कामासाठी मी चालीची रेषाच धरीन. सरळ रेषा पहिले पंधरा दिवस उगाच लाल असते आणि लोक तिला सरावतात. मात्र एक लक्षात ठेवा. ही चाल तुमच्या सवयींची नोंद आहे आणि त्यात महिनाअखेरीस माल ढकलायची सवयही आली. ती रेषा आंधळेपणाने पाळलीत तर तीच सवय तुमचा नियम होऊन बसते. दर तिमाहीला पहिल्या पंधरवड्याचा हिस्सा एक-दोन टक्क्यांनी वाढवून टार्गेट लावा, चाल हळूहळू सुधारते.

याच्या शेजारी आणखी एक आकडा हवा, आणि सेल्समनला तोच सगळ्यात लवकर कळतो: उरलेल्या दिवसांत रोज किती. ३६ वजा १२.६ म्हणजे २३.४ लाख, भागिले १४ दिवस, रोजचे १ लाख ६७ हजार. हा आकडा एकटा दाखवू नका. शेवटच्या चौदा दिवसांत तुमची रोजची विक्री नेहमी किती असते ते त्याखाली लिहा. ती १.७ लाखांच्या आसपास असेल तर गरज आवाक्यात आहे. नेहमी १.४ होत असेल, तर आजच कळलं की नुसत्या जोरावर हे होणार नाही, काहीतरी वेगळं करावं लागेल.

एक छोटी पण रोज गोंधळ घालणारी गोष्ट: चालू दिवस मोजायचा नाही. सकाळी अकराला डॅशबोर्ड उघडला आणि आजचं टार्गेट धरलेलं असेल तर सगळे मागेच दिसणार. कालपर्यंतची विक्री, कालपर्यंतची अपेक्षा.

दिवाळी सरकते, डॅशबोर्डला ते कळत नाही

मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करणारा कॉलम सगळ्यांना हवा असतो, आणि वर्षातले तीन-चार महिने तो हमखास चुकीचं सांगतो. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. २०२६ मध्ये ते पुन्हा ८ नोव्हेंबरला आहे. दुकानदार दिवाळीचा माल आधीच्या तीन-चार आठवड्यांत भरतो. म्हणजे २०२५ ची दिवाळीची विक्री सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आटोपली, तर २०२६ ची बरीचशी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात येणार. ऑक्टोबर २०२५ वर दहा टक्के चढवून ऑक्टोबर २०२६ चं टार्गेट लावलं आणि नोव्हेंबरला मागच्या वर्षीचा कोरडा नोव्हेंबर धरला, तर दोन्ही महिने फसणार.

गणपतीचंही तसंच. २०२५ मध्ये २७ ऑगस्ट, २०२६ मध्ये १४ सप्टेंबर. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने पुढचे सण मागच्या वर्षीपेक्षा अडीच-तीन आठवडे पुढे गेले आहेत.

उपाय कठीण नाही. कॅलेंडरच्या तक्त्यात एक कॉलम वाढवा: 'लक्ष्मीपूजनाला किती दिवस'. मग सणाच्या काळात तारखेऐवजी या कॉलमवर तुलना करा, सणाआधीचा तिसावा दिवस मागच्या वर्षीच्या तिसाव्या दिवसाशी. दिवाळीचा हंगाम महिन्यांत न तोडता पस्तीस-चाळीस दिवसांचा एक वेगळा पट्टा म्हणून दाखवलात तर अजून बरं.

२०२५ चा सप्टेंबर तर तुलनेसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. नवे कर ३ तारखेला जाहीर झाले आणि २२ पासून लागू, त्यामुळे मधले दिवस व्यापारी हात आखडून बसले. त्यात ८ ते २१ सप्टेंबर पितृपक्ष, आणि २२ ला घटस्थापना. अशा महिन्यावर कॅलेंडरमध्येच 'तुलनेत घेऊ नये' अशी खूण करून ठेवा.

टक्केवारी कुठे फसवते

बाजारपेठ लाइनचं टार्गेट २० लाख, झाले १५, म्हणजे ७५ टक्के. नव्या वस्तीतल्या लाइनचं टार्गेट २ लाख, झाले २.८, म्हणजे १४० टक्के. दोन टक्केवाऱ्यांची सरासरी १०७.५. पिव्होट टेबलमध्ये टक्क्यांचा कॉलम टाकून सरासरी निवडली की हेच दिसतं आणि वाटतं, झालंच की! खरं उत्तर १७.८ भागिले २२, म्हणजे ८१ टक्के. टक्का नेहमी बेरजांवरून काढा.

नव्या मालाला टार्गेटच नसेल तर शून्याने भागलं जातं आणि स्क्रीनभर एरर दिसतात. तिथे शंभर टक्के किंवा शून्य टक्के असं काही घुसडू नका, 'टार्गेट नाही' असं लिहा. आणि जिथे कमी तेच चांगलं, म्हणजे परत आलेला माल, तीस दिवसांवरची उधारी, तिथे रंगाचा नियम उलटा लावायला विसरू नका. उधारी मर्यादेच्या १३० टक्के आणि सेल हिरवागार, हे दृश्य दुर्मिळ नाही.

विक्रीच्या शेजारी काय ठेवायचं

फक्त विक्रीचं टार्गेट ठेवलं की विक्री होते, माल मात्र खपतोच असं नाही. अठ्ठावीस तारखेला ओळखीच्या चार पार्ट्यांवर पेट्या उतरवायच्या, सात तारखेला क्रेडिट नोट काढायची, हा प्रकार पेठेत कुणाला नवा नाही. तो पकडायला दोन आकडे पुरतात: महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत किती टक्के बिलं झाली, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत त्यातला किती माल परत आला. सेल्समननिहाय हे दोन कॉलम शेजारीशेजारी लावा. कुणाला काही विचारायची गरज पडत नाही.

याशिवाय वसुली, आणि लाइनवरच्या किती दुकानांनी या महिन्यात निदान एक बिल केलं. दुसरा आकडा मला विक्रीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. १८० पैकी १३० दुकानं बिल करायची, ती ९५ वर आली आणि विक्री मात्र तेवढीच राहिली, तर चार मोठ्या पार्ट्यांवर धंदा तोललेला आहे. त्यातल्या एकाने दुसरीकडून माल घ्यायला सुरुवात केली की पुढचा महिना गेला.

उधारी बिलाच्या तारखेपासून मोजा: सात दिवसांपर्यंत, पंधरापर्यंत, तीसपर्यंत आणि त्यावर. पहिल्या स्क्रीनवर फक्त शेवटचा गट पुरे. बाकी तपशील मागच्या शीटवर राहू द्या.

स्क्रीनवर काय, किती

गाडीच्या मीटरसारखा अर्धगोल काढायची हौस असते. तो जागा खातो आणि एकच आकडा सांगतो. त्याऐवजी प्रत्येक लाइनला एक आडवी पट्टी: पट्टीची लांबी म्हणजे झालेली विक्री, एक उभी रेघ आज जिथे असायला हवं तिथे, दुसरी महिन्याच्या टार्गेटवर. चार लाइनींच्या चार पट्ट्या एकाखाली एक लावल्या की फरक नजरेत भरतो. त्याखाली महिन्याचा एक रेषांचा आलेख, अपेक्षित चाल फिकट आणि प्रत्यक्ष गडद. बस.

आकडे लाखांत, दशांशानंतर एकच अंक. बरीच सॉफ्टवेअर आपण काही केलं नाही तर मिलियन दाखवतात. १.२६ मिलियन बघून गोडाऊनमध्ये कुणालाही काही कळत नाही. विंडोजची प्रादेशिक सेटिंग भारत अशी ठेवली की स्वल्पविराम तरी लाख-कोटींप्रमाणे पडतात.

लाल-हिरव्यावर सगळं सोपवू नका. काही पुरुषांना हे दोन रंग वेगळे ओळखू येत नाहीत, शिवाय स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर जातो, कुणी त्याची काळी-पांढरी प्रिंट काढतो. रंगाबरोबर 'मागे १.२ लाख' असे शब्दही लिहा. मागे पडण्याची मर्यादाही आधीच ठरवा. अपेक्षेच्या ९५ टक्क्यांवर असेल तर ठीक, ९५ ते ८५ लक्ष ठेवा, त्याखाली बोलायला बसा. पहिल्या तीन दिवसांत रंग लावूच नका, एवढ्याशा विक्रीवर टक्का कुठेही उडतो.

वरच्या कोपऱ्यात एक ओळ: शेवटचं बिल कुठल्या तारखेचं, किती वाजता. अकाउंटंट दोन दिवस रजेवर होता म्हणून विक्री पडलेली दिसते, आणि ते समजेपर्यंत दोघातिघांना बोलून झालेलं असतं.

सकाळी गाड्या भरताना

डॅशबोर्ड ऑफिसच्या टीव्हीवर लावून ठेवण्यापेक्षा सकाळी गाड्या भरतात तेव्हा दहा मिनिटं उभ्याउभ्या बघा. जी लाइन ८५ च्या खाली असेल तिच्यावरच बोलायचं, बाकीच्यांना मोकळं करायचं. आणि 'विक्री का कमी?' असं न विचारता एक पायरी खाली उतरा. दुकानं कमी झाली, की प्रत्येक बिल लहान झालं, की एखादा गटच गेला? हायवे लाइन ७८ टक्क्यांवर आहे, दुकानांची संख्या तेवढीच, बिस्किटांचा गट मात्र निम्म्यावर. म्हणजे सेल्समन फिरतोय, माल नाही. गोडाऊनमध्ये पाच रुपयांचा पुडा चार दिवस नव्हता, असं निघतं. मग बोलायचं ते खरेदी बघणाऱ्याशी.

यासाठी फाइलमध्ये एक नोंदीची शीट ठेवा. तारीख, लाइन, किती मागे, कारण, कोण काय करणार, कधीपर्यंत. ओळ एकच, पण रोजची. तीन महिन्यांनी ती चाळली तर 'माल नव्हता' हे कारण किती वेळा आलंय ते मोजता येतं, आणि कंपनीच्या माणसासमोर ठेवायला पुरावा मिळतो.

महिना बंद करताना

एक तारखेला फाइलची प्रत काढून तिचे आकडे गोठवा, फॉर्म्युले काढून फक्त त्यांची उत्तरं ठेवा. नाहीतर मागच्या तारखेने टाकलेलं एखादं बिल तीन महिन्यांनी जुना टक्का बदलतं आणि वाटलेला इन्सेंटिव्ह जुळत नाही. उशिरा येणाऱ्या क्रेडिट नोटांसाठी एक दिवस ठरवा, समजा पाच तारीख. त्या दिवसापर्यंत आलेल्या मागच्या महिन्यात जातील, त्यानंतरच्या चालू महिन्यात. तोपर्यंत मागच्या महिन्याच्या आकड्यापुढे 'कच्चा' असं लिहून ठेवा, आणि इन्सेंटिव्हचा हिशेब सहा तारखेआधी कुणाला सांगू नका.